घामाचे वीस

कापुआ, एप्रिल लागायला पाच दिवस

थल्लूसाकडून भाऊ झोसिमसला,

तू बरा असशील तर बरंच आहे, मी बरी आहे. एवढं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझं मागचं पत्र येऊन चार महिने झाले आणि त्यात अर्धं पान गुडघेदुखीचं होतं, तेव्हा या वेळी मी आधी बोलते.

काल तालमीचा मालक न्युमिसियस तुमच्या बेनेव्हेंटमहून परत आला. तालमीच्या फाटकातून शीळ घालतच शिरला. तो शीळ घालत आला की कुणाचं तरी मरण विकून आलाय, हे इथल्या कुत्र्यालाही कळतं. दुपारी सगळ्यांना अंगणात उभं करून नावं वाचली. चोवीस माणसं, बारा जोड्या, मेच्या मध्यावर तुमच्या गावच्या रिंगणात लढायचं. एका नव्या पोऱ्याने नाव ऐकून पाय मागे घेतला, तर त्याच्या पोटरीवर तापलेली सळई टेकवली. मी डाळीला फोडणी घालत होते, तो वास त्यातून आला.

आठवी जोडी आमांडस आणि बाटो, जाळ्याविरुद्ध तलवार.

झोसिमस, आमांडस सोडून मला कुणी नाही हे तुला माहीत आहे. मला न्युमिसियसने मोकळं केलं, पण महिन्यातले दहा दिवस त्याच्या चुलीवर राबायची अट ठेवून. पोरगा मी गुलाम असताना झाला म्हणून तो गुलामच राहिला. त्याचा बाप कोण, हे दोघांची नाकं शेजारी ठेवून आंधळाही सांगेल. पण गुलामाला बाप नसतो असा कायदा आहे, आणि न्युमिसियस कायद्याने चालणारा माणूस आहे.

मी आज पुन्हा त्याच्याकडे गेले. माझ्या खाणावळीतून साठवलेले बाराशे दिनार आहेत ते घे आणि पोरगा दे, म्हणाले. तो हसलासुद्धा नाही. म्हणाला, "जाळेवाला तयार व्हायला चार वर्षं लागतात, थल्लूसा. अजून दोन वर्षांनी तो रोमच्या रिंगणात उतरेल, तेव्हा त्याचा भाव विचारायला ये." म्हणजे भाव चढेपर्यंत विकायचा नाही, मग तो मधल्या मध्ये फाटला तरी चालेल.

करार तुझ्या अक्षरात आहे म्हणे. त्यात काय लिहिलंय ते मला शब्दन् शब्द कळव. गुडघ्याचं नंतर.

*

बेनेव्हेंटम, एप्रिलचा चौथा दिवस

झोसिमसकडून थल्लूसाताईला,

तू बरी आहेस हे वाचून बरं वाटलं. मी बरा नाही, गुडघा आहे तिथेच आहे. आता रागावू नकोस, पुढचं सगळं तुझंच आहे.

करार माझ्याच अक्षरात आहे. त्याचं असं झालं की आमचे मालक गावियस प्रोकुलस यंदा नगराध्यक्ष झाले. या पदाला पगार शून्य. उलट निवडून आलेल्याने पदरचे पैसे घालून गावाला खेळ दाखवायचे. मालक जातिवंत, व्यापाराला शिवत नाहीत. लोकर, तेल, विटांची भट्टी, सगळं माझ्या हातून चालतं. माझ्या हातून पैसा आत येतो तेव्हा तो हलका असतो आणि त्यांच्या हातून रिंगणात सांडतो तेव्हा थोर होतो. तीस वर्षं झाली, मला हे गणित सुटलेलं नाही. पण मी पडलो विकतचा माणूस, सोडवणारा मी कोण?

आता कराराची ओळ. जशी आहे तशी देतो: "जो धडधाकट बाहेर येईल त्याच्या घामाचे वीस दिनार. जो मेला किंवा निकामी झाला त्याचे हजार." वीस म्हणजे भाडं. हजार म्हणजे विक्री. माणूस भाड्याने दिलाय की विकलाय हे दोघांनाही आधी माहीत नसतं, ते खेळ संपल्यावर ठरतं. तुझ्या न्युमिसियसने ही ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि चौथ्यांदा स्वतः बोट फिरवून बघितली.

आता नीट ऐक आणि रडणं थांबव. वीस कुठे आणि हजार कुठे? हरलेला माणूस बोट वर करून जीव मागतो, तेव्हा द्यायचा की घ्यायचा हे खेळ देणारा ठरवतो. "मार" म्हटलं की हजार गेले. आणि आमचे मालक पाहुण्यांच्या ताटातले ऑलिव्ह मोजतात, ताई. बिया परत मागवत नाहीत एवढंच. त्यांचा कंजूषपणा हाच तुझ्या पोराचा राखणदार देव आहे, त्याला एखादं कबुतर वाहून टाक.

हे पत्र किन्नामस आणेल, त्याला जेवू घाल. साठीचा आहे आणि गावभर माझी कामं करतो. हो, माझा गुलाम आहे. मी स्वतः कुणाचा तरी आहे म्हणून माझं कुणी असू नये, असा काही कायदा नाही. मला शिलकीतून झेपला तेवढाच घेतला.

*

कापुआ, एप्रिलच्या मध्याला दोन दिवस कमी

थल्लूसाकडून झोसिमसला,

मी बरी आहे. तुझा किन्नामस तिघांचं जेवला आणि वर मीठ कमी आहे म्हणाला.

तुझी ती ओळ मी दहादा वाचली. वाचायला तूच शिकवलंस, तेव्हा दोष तुझा. मेला किंवा निकामी झाला, त्याचे हजार. तू "मेला" या शब्दापाशी थांबलास आणि मला धीर देत बसलास. मी "निकामी"पाशी थांबले.

अंगठ्याशिवाय जाळं फेकता येत नाही आणि त्रिशूळही धरता येत नाही. पण चमचा धरता येतो, गल्ल्यावर बसता येतं, लग्न करता येतं. आमांडसचा उजवा अंगठा गेला की तो निकामी. निकामी झाला की न्युमिसियसच्या हातून सुटला, कारण करारच म्हणतो की तो विकला गेला. न्युमिसियसला त्याचे हजार मिळतील, तो ओरडणार नाही. तुझ्या मालकाच्या गळ्यात एक थोटा माणूस पडेल, ज्याला नुसतं खायला घालायचं. तो मला विक. माझ्याकडे बाराशे आहेत.

आणि समोर बाटो आहे. देवाची एवढी एकच मेहरबानी. चार वर्षं ते दोघं एका कोठडीत झोपतात.

काल मी डुकराचे आठ पाय आणले आणि बाटोला स्वयंपाकघरात बोलावलं. ठोकळ्यावर पाय ठेवून त्याला दाखवलं, सांधा कुठे सुटतो, धार कशी आडवी लागली पाहिजे. मनगटाकडे जायचं नाही, तिथलं रक्त थांबत नाही. अंगठा आणि शेजारचं बोट, एका घावात. पहिले तीन पाय त्याने वाया घालवले. चौथ्याला हाड फुटून तुकडे माझ्या तोंडावर उडाले. हा तोच बाटो, ज्याने हिवाळ्यात नोलाच्या रिंगणात एका माणसाच्या उघड्या तोंडात तलवार घातली आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन दोन वाट्या जास्त जेवला. काल त्याने सुरी दोनदा खाली ठेवली. "मावशी, मला मारायला शिकवलंय, एवढंच कापायला नाही," म्हणाला. सहावा पाय बरोबर गेला. सातवाही.

आमांडस दारात उभा राहून सगळं बघत होता. मग आला, आपला उजवा हात ठोकळ्यावर आठव्या पायाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "आई, यातला स्वस्त कुठला ते मामाला विचार." मी त्याच्या हातावर पळी मारली. तो हसत बाहेर गेला, पण दाराआड जाऊन ओकला, ते मी ऐकलं.

त्या पायांचं कालवण केलं. सगळ्या तालमीने बोटं चाटून खाल्लं.

आता तू सांग, जमेल की नाही.

*

बेनेव्हेंटम, एप्रिल संपायला आठ दिवस

झोसिमसकडून थल्लूसाताईला,

तुझं पत्र वाचून मी आधी ते जाळलं आणि मग दार लावलं, उलट करायला हवं होतं. तुझं डोकं फिरलंय असं लिहिणार होतो. दोन दिवस तेच लिहायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं की डोकं फिरलेलं असलं तरी गणित बरोबर आहे.

काल मालक दाढी करून घेत होते तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कुणी निकामी निघाला तर त्याचं काय करायचं? म्हणाले, "दोनशे देणारा भेटला तर देऊन टाक, त्याला खायला कोण घालणार?" न्हावी साक्षीला होता. तेव्हा दोनशे ठरले. उरलेल्या हजारात त्याला लग्न करून दे आणि मला एक अंगरखा.

आता एक गोष्ट सांगतो, जी आधी सांगितली नव्हती. मालकांनी मला मर्यादा घालून दिली आहे. हजारवाले चारच, पाचवा नको. चारात खेळ आटपला तर दुसऱ्या दिवशी मला मोकळं करीन, असं चार माणसांत बोललेत. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, ताई. लोक म्हणतात झोसिमस एवढा कामाचा, अजून मोकळा कसा नाही? कामाचा आहे म्हणूनच. ज्याच्या हातात पैशांची पेटी असते त्याला कुणी लवकर सोडत नाही, कारण हिशोब चुकला तर गुलामाला टांगून, चटके देऊन विचारता येतं. मोकळ्या माणसाला नुसतं विचारावं लागतं. मला एकदा टांगलं होतं, तू तेव्हा कापुआला गेली होतीस. चूक माझी नव्हती, ते तिसऱ्या दिवशी सापडलं. खांदा अजून पावसाळी हवेत बोलतो. गुडघा गुडघा म्हणतो तो खरं तर खांदा आहे.

तर तीन मरणं मी होऊ देईन आणि चौथी जागा आमांडससाठी राखून ठेवीन. मी मालकांच्या खुर्चीमागेच उभा असतो. प्रत्येक वेळी ते मान वळवून विचारणार, याचे किती, आतापर्यंत किती झाले, आणि मी सांगणार. तेव्हा दोरी माझ्या हातात आहे असं समज.

एकच काळजी आहे ती लोकांची. मागच्या वर्षीच्या अध्यक्षाने पैसे वाचवायला एकालाही मरू दिलं नाही. लोकांनी बाकं उपटली, खालच्या रांगेतली दोन माणसं चेंगरून मेली, आणि त्याच्या बायकोला कौल लागून तिचा डोळा गेला. बाजाराच्या भिंतीवर त्याच्या नावापुढे अजून "चिकट" असं लिहिलेलं आहे. आमचे मालक त्या भिंतीशी आले की पलीकडे बघतात. पण आमच्याकडे तीन मरणं आहेतच, तेवढ्यात लोकांचं भागेल.

बाटोला सांग, पहिल्या घावात कर. दुसरा घाव लोकांच्या लक्षात येतो.

*

कापुआ, मेच्या मध्याला चार दिवस कमी

थल्लूसाकडून झोसिमसला,

आज त्यांना गाड्यांत घातलं, पायात बेड्या घालून. न्युमिसियसने मला यायला मनाई केली, माझे दहा दिवस नेमके याच वेळी त्याला आठवले. म्हणून तुला सगळं लिहून पाठवते.

मेलेल्यांना ओढून नेतात ते वेगळं दार आणि जखमींना नेतात ते वेगळं, हे तुला माहीत असेल. तू जखमींच्या दाराशी माणूस उभा कर, किन्नामस नको, तो खाण्याकडे बघेल. सोबत पाठवलेल्या मडक्यात राळ आहे, ती गरम करून ठेव. हात डोक्याच्या वर धरायचा. दोरी मनगटाला नाही, दंडाला. लोकरीची पट्टी दारूत भिजवून घट्ट, तो ओरडला तरी घट्ट. बाटलीत राखेचं पाणी आहे, इथे हाड जुळायला सगळ्यांना देतात, ते त्याला रोज दे. दोनशे दिनार लोकरीच्या पट्ट्यांच्या आत शिवलेत.

खाणावळीत गल्ल्यामागे मी एक स्टूल करून घेतलं. सुताराने विचारलं कुणासाठी, मी म्हटलं नव्या कारकुनासाठी. उंची नीट आहे का बघायला काल त्याला गुपचूप बसवलं. तो बसला आणि डाव्या हाताने नाणी मोजून बघितली. दोनदा खाली पाडली. "शिकेन," म्हणाला.

घाव उजव्या हाताचा. डाव्याला काही होऊ देऊ नकोस.

*

बेनेव्हेंटम, मे संपायला बारा दिवस

झोसिमसकडून थल्लूसाताईला,

हे पत्र तीनदा सुरू केलं. न्युमिसियसच्या गाड्या माझ्या आधी पोचल्या असतील, म्हणजे तुला कळलं आहे. तरी मला सांगायलाच हवं, कारण जे झालं ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

खेळ सकाळी सुरू झाला. पहिल्याच जोडीत एकजण मेला, मांडीतून घाव गेला आणि मालकांना विचारायची वेळच आली नाही. मी पाटीवर एक रेघ मारली. तिसऱ्या जोडीत थ्रेस मुलखातल्या एका माणसाने ढाल टाकून पळ काढला. लोक इतके खवळले की मालकांनी "मार" म्हटलं. पळणारा होता, त्याला तिघांनी धरून ठेवावं लागलं. दोन रेघा. पाचवीत एकाचं पोट उघडं पडलं, तो हाताने आत ढकलत होता, त्याला जिवंत ठेवण्यात अर्थ नव्हता. तीन. मी मनात म्हटलं, आता बस्स. मालकांच्या कानाशी वाकून सांगितलं, तीन झाले, आता जपून. त्यांनी मान हलवली.

मग सहावीतला हरला, त्याला सोडलं. लोक शिट्ट्या मारू लागले. सातवीत हरलेल्याच्या हेल्मेटमधून रक्त गळत होतं, त्यालाही सोडलं. तेव्हा वरच्या रांगांतून कुणीतरी ओरडलं, "चिकट." मग दहा जण. मग सगळीकडून. एक खरबूज येऊन मालकांच्या पायाशी फुटलं, त्यांच्या पांढऱ्या वस्त्रावर बिया उडाल्या. त्यांचे हात खुर्चीवर घट्ट झाले. मी त्यांच्या मागे उभा होतो, मला त्यांची मान दिसत होती, ती लाल झाली होती.

आठवी जोडी.

ताई, तुझी पोरं छान लढली. खोटं आहे असं कुणाला वाटलं नसतं. आमांडसने दोनदा जाळं टाकलं, दुसऱ्यांदा बाटो त्यात अडकला आणि गुडघ्यावर आला, लोक बाकांवर चढले. मग बाटोने जाळं फाडलं, ढालीने त्याला ढकललं आणि जवळ गेला. घाव मला दिसला नाही, इतका तो झटक्यात बसला. अंगठा आणि शेजारचं बोट वाळूत पडलेलं दिसलं. तू शिकवलंस तसंच. एकाच घावात.

आमांडसने हात डोक्याच्या वर धरला. तेही तू शिकवलं असशील. रक्त कोपरावरून खाली येत होतं. मग तो गुडघे टेकून बसला आणि डाव्या हाताचं बोट वर केलं. आणि वर बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्याला वाटत होतं आता झालं सगळं, मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

लोक ओरडत होते, "गळा, गळा." मालकांनी मान वळवली आणि विचारलं, "याचे किती?"

तीस वर्षं, ताई. तीस वर्षं तो माणूस मान वळवतो आणि मी उत्तर देतो. तेल किती, लोकर किती, खेचर किती. माझ्या तोंडातून उत्तर निघायला मी लागत नाही.

मी म्हटलं, "याचे हजार गेलेच, मालक. निकामी झालाय."

माझे शब्द माझ्या कानावर पडले तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. मेला तरी हजार आणि निकामी झाला तरी हजार. हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मालकांना एका क्षणात सुचलं. त्यांचा चेहरा जसा खुलला तसा तो एरवी बिलात चूक सापडल्यावरच खुलतो. म्हणाले, "मग हा फुकट आहे." उठून उभे राहिले, हात पुढे केला, आणि लोकांनी जो जल्लोष केला त्याने वरचं कापडी छत हललं.

मी "मालक" म्हणालो. एवढं मी नक्की म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि त्यांना वाटलं मी शाबासकी देतोय.

बाटो नुसता उभा राहिला. त्याच्यामागे सळईवाले गेले, पाठीवर सळई टेकवली, तरी तो हलेना. दुसऱ्यांदा टेकवली. मग आमांडसनेच डाव्या हाताने त्याची मांडी धरली, रीत आहे तशी, आणि मान पुढे केली. काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. बाटोने मानेच्या बुडात, वरून खाली, सरळ. तेही एकाच घावात.

पुढच्या जोड्यांतल्या सगळ्यांना मालकांनी सोडलं आणि कुणी शिट्टी मारली नाही. चारच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चार माणसांत मोकळं केलं. मोकळ्या झालेल्याला घालतात ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मी आता गावियस झोसिमस आहे, त्यांच्या नावाचा. हे तुला सांगायला जीभ धजत नाही, पण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर अजून वाईट.

त्याला मी सगळ्यांबरोबर खड्ड्यात जाऊ दिलं नाही. माझ्या पैशाने लाकडं घेऊन वेगळं जाळलं. वाळूतली बोटं शोधून बरोबर ठेवली. राख एका घागरीत भरून ठेवली आहे. तू सांगशील तेव्हा किन्नामसच्या हाती पाठवतो. तुझे दोनशे पट्ट्यांत तसेच आहेत, तेही पाठवतो.

*

कापुआ, जून लागायला सहा दिवस

थल्लूसाकडून गावियस झोसिमसला,

तू बरा आहेस हे कळलं.

बाटो आला त्या दिवशी मी त्याला वाढलं. तो खाईना. मी समोर बसले तेव्हा म्हणाला, त्याचा हातच उठत नव्हता. मग आमांडसने त्याची मांडी धरून सांगितलं, "चल बाटो, हे तर तुला शिकवलंय." पाठीवर सळईचे दोन चट्टे आहेत. मी त्याला तेल लावते. तुला कळावं म्हणून लिहिलं, तुला ऐकू आलं नव्हतं.

न्युमिसियसही स्वयंपाकघरात येऊन गेला. चुलीशी उभा राहिला. नवा जाळेवाला तयार व्हायला चार वर्षं जातील, म्हणाला. मी चुलीत लाकूड सारलं. तो बाहीने ते नाक पुसत गेला.

तुझं पत्र वाचून मी तुला शिव्या लिहायला बसले. दोन पानं लिहिली, चांगल्या शिव्या होत्या. मग तुझी कराराची ओळ काढून अकराव्यांदा वाचली. मी वीस वर्षं गल्ल्यावर बसते, झोसिमस. दोन थाळ्या एकाच भावाला मांडल्या तर गिऱ्हाईक मोठी उचलतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तुझ्या मालकाने मोठी उचलली. थाळ्या एका भावाला आणून मांडल्या त्या मी, आठ डुकराच्या पायांवर. तू फक्त भाव मोठ्याने वाचलास. ती दोन पानं मी चुलीत घातली. तुला माफ केलं असं समजू नकोस, मी नुसती पानं जाळली.

मी अजून चोवीस वाट्या काढते. चार परत ठेवाव्या लागतात.

दोनशे परत पाठवू नकोस. करारात तो तुझ्या मालकाचा झाला होता, ते दोनशे त्यांच्या हातात दे आणि तो मी विकत घेतला असं त्यांच्याकडून लिहून घे. पाच साक्षीदारांच्या सह्या घे. आता तो माझा असू दे, राख असली तरी.

आणि घागर किन्नामसच्या हाती पाठवायची नाही. तू आण. टोपी घालून ये. गल्ल्यामागचं स्टूल रिकामं आहे, त्यावर बस आणि घागर मांडीवर घे. दिवसभर माणसं येतील, कुणीतरी विचारेलच की घागरीत काय आहे आणि किती पडले. तू सांग. माझ्याच्याने तो आकडा सांगवणार नाही.

गुडघा दुखत असला तरी चालत ये.